कापसाच्या खोलीतली भाची

माह्यं नाव देवीलाल. धंदा दुधाचा. पण आमच्या गावात मले दूधवाला म्हणून कमी अन् खोलीवाला म्हणून जास्त ओळखत. कारण सोपं हाये. कोणाच्या घरात किती माणसं हायेत हे नगरपालिकेले माहीत नसते, दूधवाल्याले असते. दोन लिटरचं एकदम एक लिटर झालं की मी समजतो, पोरगं शिकाले पुण्याले गेलं, इथी एक खोली मोकळी पडली. अन् तिकडं बसस्टँडवर कोणी खेड्यातलं बिऱ्हाड बोचकी घेऊन बसलेलं दिसलं की मी सायकल उभी करतो. 'खोली पाह्यजे का?' एवढं इचारलं की झालं काम.

आता नाई करत. ते काहून, तेच सांगून राह्यलो.

ते कापसाचे वाईट वर्षं होते. टीव्हीवाले गाड्या घेऊन खेड्याखेड्यायनं फिरत. ज्यायच्या घरी कास्तकारानं जीव देल्ला त्यायलेच माहीत, मी त्याच्यावर तोंड उघडत नाई. मी खोल्यायचं सांगतो. आधी आमच्याकडं बऱ्याच घरी एक कापसाची खोली राहे. वेचलेला कापूस छतापर्यंत दाबून भरायचा अन् भाव चढायची वाट पाह्यत बसायचं. त्या खोलीले खिडकी नसे, एक जाडजूड दार फक्त. कापसाले ना वारा पाह्यजे ना ऊन. त्या वर्षांत कापूस वावरातूनच गाडीत भरून जाऊ लागला, कारण वाट पाहायची ऐपतच कोणाची राह्यली नाई. खोल्या मोकळ्या पडल्या, अन् त्या खोल्यायत मी माणसं भरली.

दोन हजार पाचात नगरपालिकेनं नेम काढला. खोली भाड्यानं द्यायची असन तं घरमालकाले परवाना घ्या लागन. परवान्याले खोलीत खिडकी पाह्यजे, संडास पाह्यजे, पाण्याची सोय पाह्यजे. भाडेकरूचं नाव नगरपालिकेच्या वहीत चढलं पाह्यजे. अन् खोल्या लावून देणाऱ्या दलालायनं बी नाव नोंदवून बिल्ला घ्यायचा, दर फॉर्मवर सही ठोकायची. मले तीन नंबरचा बिल्ला भेटला. मी तो खिशाले लावून घरी गेलो तं माही बायको लालीबाई हसू हसू लोळली. म्हणे, "आपल्या म्हशीच्या कानाले बी असाच हाये."

नेम चांगला होता. हे मी आज म्हणतो. तवा मी त्याले आईमाईवरून शिव्या दिल्या.

कारण घरमालकायनं मलेच धरलं. "देवीलाल, भिंत कोण फोडते? संडास कोण बांधते? तू काहीतरी कर." मी काय केलं? मी लय हुशार! फॉर्मावर दोन चौकटी होत्या. एकीत 'भाडेकरू', दुसरीत 'घरचे किंवा पाहुणे'. पाहुण्याले ना परवाना लागे ना खिडकी. मी साऱ्यायले पाहुणे करून टाकलं. कोणाले मावसभाऊ केलं, कोणाले साडूचं पोरगं. त्या साली आमच्या गावात इतके मावसभाऊ झाले का तेवढ्या मावश्या साऱ्या तालुक्यात नसतीन. तपासणीवाला आला की काय बोलायचं हे बी मीच शिकवे. असे चौदा फॉर्म हायेत माह्या सहीचे. लोकं म्हणत, "देवीलाल, डोकं हाये बुवा तुले." अन् मले बरं वाटे, खोटं कायले बोलू.

पंचफुला आली ती त्याच साली दसऱ्याच्या सुमारास. पंचफुला गोविंदा मनवर, राहणार बोरी अरब. नवरा गोविंदा जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचा, अन् एक लहान पोट्टी, दीपा. गावाकडं कामच राह्यलं नोतं म्हून बिऱ्हाड हलवलं. बाई दहावी पास होती. बोलणं हळू, पण डोळ्यात पाहून बोले. मले म्हणे, "देवीलालभाऊ, खोली कशी बी चालन, पण शाळेच्या जोळ पाहा."

शाळेजोळ एकच खोली मोकळी होती, वामनराव गावंड्यायची. माणूस तसा सज्जन. पन्नास एकराचा धनी, कोणाले वर आवाज नाई. पण घरात देवघर, सोवळं, अन् त्यायच्या बायकोचा, शकुबाई काकूचा, नेम भल्ला कडक. बौद्धायच्या ह्या बिऱ्हाडाले वामनराव खोली देतीन का, सांगता येत नोतं. पण ते वर्ष असं होतं का घरात पैसा पाह्यजेच होता. वामनरावनं आडनाव इचारलं, मी सांगतलं, तं ते म्हणाले, "मागच्या दारानं जाणं-येणं ठेवा म्हणा." मी पंचफुलाले येवढंच सांगतलं का दार मागून हाये. तिले बाकीचं समजलं असन. समजत नाई होय, जन्मभर पाहून राह्यलेलं?

"अन् परवान्याचं?" मी वामनरावले इचारलं. "खिडकी पाडा लागन."

"नाई बाप्पा," ते म्हणाले. "भिंत फोडली तं ती खोली कापसाची राह्यत नाई. दोन-तीन वर्षांत भाव येईन. मले लागन खोली. तू तुह्यं ते पाहुण्याचं कर."

मी केलं. नातं काय लिहू? भाची लिहिलं. 'पंचफुला गोविंदा मनवर, घरमालकाची भाची, मुक्काम तात्पुरता.' खाली मी सही केली, वामनरावनं केली. नगरपालिकेचा फुलचंद बाबू कागद पाहून माह्याकडं पाहत राह्यला. गावंडे मामा अन् मनवर भाची! पण शिक्का मारला त्यानं. त्याले बी जेवाले घरी जायचं होतं.

तपासणीचा दिवस मले अजून दिसते. मी दूध घेऊन गेलतो. वर्दी आली का नगरपालिकेचा माणूस गल्लीत आला. शकुबाई काकूची धांदल उडाली. त्यायनं मागच्या दारातून पंचफुलाले हाका मारल्या, "ये वं, इकडं ये, आत ये!" अन् सरळ सैपाकघरात पाटावर बसवलं, हातात तुरीच्या डाळीचं सूप देल्लं. तपासणीवाल्यानं दारातून पाह्यलं, बाई खाली मान घालून डाळ निवडून राह्यली, काकू चहा ठेवून राह्यल्या. "घरच्याच दिसतात," तो म्हणाला. काकूनं त्या चहातला एक कप पंचफुलाले देल्ला. आपल्या घरच्या कपात.

तो गेला तशी काकूनं सूप घेतलं. "झालं आता, जा तू." मी दूध गंजात ओतून वळलो तं काकू तो पाट धुवाले मोरीत घेऊन चालल्या होत्या. पंचफुला दारातच उभी होती, चपला घालत. तिनं पाह्यलं. मी पाह्यलं का तिनं पाह्यलं. मले लय लाज वाटली, अन् मी काय केलं तं सायकलवर बसलो अन् पुढच्या घरी गेलो.

तीन वर्षं ते बिऱ्हाड त्या खोलीत राह्यलं. दिवसा बी दिवा लावा लागे. आढ्यात जुना कापूस अडकलेला होता, तो अधूनमधून अंगावर पडे, दीपाले खाज सुटे. पण पंचफुलानं त्या खोलीसमोरची जागा सारवून साफ केली, अन् दुपारच्याले गल्लीतले चारपाच लेकरं तिच्यापाशी येऊन बसू लागले. मग दहा झाले, मग पंधरा. गाणी म्हणे, काड्यायनं आकडे शिकवे, नखं कापे त्यायची. वामनरावचा नातू पियुष उन्हाळ्यात आला तं तो बी तिथीच. काकू हाका मारमारून थकत, पोट्टं हालत नसे. मी दूध वाटून परत जाता जाता थांबे. अशी बाई लेकरायसाठीच जन्माले येते, हे मले तवाच समजलं होतं.

दोन हजार आठात आमच्या वॉर्डात नवीन अंगणवाडी मंजूर झाली. सेविकेची जागा निघाली. दहावी पास पाह्यजे, वॉर्डातली रहिवासी पाह्यजे, अन् वयाची अट. पंचफुलाचं वय त्या अटीत कसंबसं बसत होतं, सहा महिन्यांनं बाहेर पडलं असतं. म्हणजे ही जागा भेटली तं भेटली, नाई तं जन्मात नाई. तिनं अर्ज केला. यादी लागली तं पहिलं नाव तिचं. गोविंदानं मले रस्त्यात थांबवून पेढा देल्ला. माणूस कधी बोले नाई, त्या दिवशी बोलतच राह्यला.

चौथ्या दिवशी हरकत आली. यादीतल्या दोन नंबरच्या बाईनं लिहून देल्लं का पंचफुला मनवर ह्या वॉर्डाची रहिवासीच नाई, नगरपालिकेच्या वहीत पाहा. अन् वहीत काय होतं? पाहुणी. मुक्काम तात्पुरता. रेशनकार्ड बोरी अरबचं, मतदान बी तिकडंच. ते इकडं आणाले भाडेकरूचा दाखला लागे, अन् पाहुण्याले तो भेटत नसे. तिच्यापाशी तीन वर्षांचा एक बी कागद नोता. तो कागद मी होऊ देल्ला नोता.

ती माह्या घरी आली. रागावली नाई. म्हणे, "भाऊ, सोमवारी सुनावणी हाये. वामनरावजीपाशी चाला ना माह्यासंग."

आमी गेलो. वामनराव ओसरीवर बसले होते. मी फुलचंद बाबूले इचारूनच गेलतो, म्हून नीट सांगतलं, "दोन रस्ते हायेत. एक तं लिहून द्या का ही तीन वर्षांपासून भाडेकरू हाये. बिनपरवान्याचा दंड होईन, खिडकी पाडा लागन, बस. नाई तं लिहून द्या का माही भाची तीन वर्षांपासून माह्या घरी कायम राह्यते. मामाचा दाखला बी चालते. त्यात दंड नाई, काहीच नाई. तुमी आधीच भाची म्हणून सही केलेली हाये."

वामनरावनं मागच्या खोलीकडं पाह्यलं. मग म्हणाले, "भाडेकरूचं लिहून देत नाई. भिंत फोडत नाई मी."

"मग भाचीचं द्या," मी म्हणलं.

"तो कागद नगरपालिकेच्या बोर्डावर लागन का?"

"लागन. हरकतीचा निकाल हाये, आठ दिवस बोर्डावर राह्यते."

आतून शकुबाई काकूचा आवाज आला. "सारं गाव वाचन का जी ते?"

वामनराव खाली पाहू लागले. पंचफुला ओसरीखाली उभी होती, तिले बस बी कोणी म्हणलं नोतं. तिनं पदर सावरला अन् म्हणली, "राहू द्या, देवीलालभाऊ. त्यायले भाची बी नाई पाह्यजे अन् भाडेकरू बी नाई." अन् मागच्या दाराकडं निघून गेली. वामनराव माह्याकडं पाहून हळूच म्हणाले, "पोरगी चांगली हाये रे. पण मले ह्या गावात राहा लागते." चांगली हाये म्हणे! अरे, मंग?

पण मी वामनरावले कोणत्या तोंडानं बोलू. तिसरा रस्ता होता, अन् तो मले एकट्यालेच माहीत होता. फॉर्मवर दलालाची सही असते. दलालानं उभं राहून सांगतलं का मी खोटं लिहिलं, ही भाडेकरू हाये, तं वही दुरुस्त करा लागते. रविवारी मी रातभर तळमळलो. लालीबाई म्हणे, "सांगून टाका. बिल्ला जाईन तं जाईन." मी तिच्यावरच ओरडलो. एक फॉर्म खोटा निघाला तं बाकीचे तेरा निघतीन. तेरा घरमालक माह्यावर उठतीन. त्यायच्याच घरी माह्यं दूध. पाच म्हशी, त्यायची सरकी-ढेप, सारं डोळ्यापुढं आलं.

सोमवारी नगरपालिकेच्या हॉलात सुनावणी झाली. भरतीच्या मॅडम होत्या, बाजूले फुलचंद बाबू वही उघडून बसलेला. पंचफुला धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आलती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत मार्कशीट. तिनं सांगतलं, "मॅडम, मी भाडेकरू हाये. खोली येऊन पाहा. लेकरायले इचारा." मॅडम चांगल्या होत्या बिचाऱ्या, त्यायले द्यायचीच होती जागा. म्हणल्या, "बाई, माझा विश्वास आहे. पण वहीत जे आहे ते कोणीतरी खोडून काढायला हवं ना. ह्या फॉर्मवर सही कोणाची आहे?"

"माही," मी उभा राह्यलो. छातीवर बिल्ला होता.

"तुम्ही नोंदणीकृत दलाल आहात. सांगा, ही बाई भाडेकरू की पाहुणी?"

पंचफुलानं माह्याकडं पाह्यलं. अन् देवाशपथ सांगतो, तिच्या तोंडावर भीती नोती. तिले वाटलं देवीलालभाऊ उभा राह्यला म्हणजे झालं आता. मागं दोन घरमालक भिंतीले टेकून उभे होते, ते माह्याकडंच पाहून राह्यले होते.

"पाहुणी," मी म्हणलं.

एकच शब्द. मॅडमनं परत इचारलं, "नक्की?" मी मान हालवली. त्यायनं लिहिलं. पंचफुलानं मार्कशीट बाहेर काढून ठेवली होती, ती परत पिशवीत घातली, पिशवीले दोन घड्या मारल्या, अन् माह्या बाजूनंच बाहेर गेली. मले वाटलं आता थुंकन. थुंकली असती तं बरं झालं असतं.

आठ दिवसांत बिऱ्हाड बोरी अरबले परत गेलं. गोविंदानं सामान जीपवर चढवलं. गल्लीतले लेकरं जीपच्या मागं पळाले. मी त्या दिवशी दूध वाटाले मुद्दाम दुसऱ्या गल्लीनं गेलो.

त्याच्यानंतर काही दिवस मी स्वतःले समजावलं. जगात असं होतच राह्यते म्हणलं. तिले दुसरं काही भेटन म्हणलं. पण खोली दाखवाले कोणाले घेऊन गेलो अन् त्यानं नाव सांगतलं, की माह्या तोंडात तोच शब्द येई. फॉर्म हातात धरवे ना. वर्ष झालं असन, एक दिवस दूध वाटून झाल्यावर मी सायकल सरळ नगरपालिकेकडं वळवली. बिल्ला काढून फुलचंद बाबूच्या टेबलावर ठेवला अन् चौदाही फॉर्मायचं सांगून टाकलं. बाबू मले म्हणे, "आता काहून, देवीलाल? आता कोणी इचारून राह्यलं का?"

"नाई," मी म्हणलं. "म्हूनच."

मले लय भीती होती का आभाळ कोसळन. काय झालं सांगू? बिल्ला गेला. सात घरायनं दूध बंद केलं. सात! अन् त्यातल्या तिघायनं दोन महिन्यानं परत लावलं, कारण दुसऱ्याचं दूध पातळ निघालं. एवढंच. एवढ्यासाठी मी तो शब्द बोललो. वामनरावले बी खिडकी पाडा लागली. मी पाहाले गेलतो. गवंड्यानं सकाळी भिंतीले घण लावला अन् दुपारच्या जेवणाआधी खिडकी बसली. त्या खोलीत उजेड पडला तं भिंतीवर खालच्या अंगाले कोळशानं काढलेले आकडे दिसले, एक ते वीस, अन् बाजूले लेकराच्या हातानं काढलेले वाकडेतिकडे. वामनराव त्याच्याकडं पाहत उभे राह्यले. कापसाचा भाव तवरक आलाच नोता, अन् त्या खोलीत कापूस परत कधी भरला बी नाई. शकुबाई काकू चुना घेऊन आल्या होत्या, त्या म्हणल्या, "राहू दे तेवढं, खालचं राहू दे." काय कामाचं ते आता, मले सांगा.

वही दुरुस्त झाली. फुलचंद बाबूनं मले दाखल्याची नक्कल काढून देल्ली, शिक्क्याची. 'पंचफुला गोविंदा मनवर, भाडेकरू, सन २००५ ते २००८, वॉर्ड क्रमांक चार.' मी ती नक्कल घेऊन जीपनं बोरी अरबले गेलो. घर इचारत इचारत गेलो तं ती वेचणीवरून नुकतीच आलती, कमरेची कापसाची ओटी सोडून राह्यली होती. मले पाहून तिनं ओटी खाली ठेवली. मग दीपाले म्हणली, "पाणी दे वं." मले खाटेवर बसवलं. पाणी देल्लं, चहा ठेवला. तिच्या घरात मले कोणी मागच्या दारानं ये म्हणलं नाई.

मी कागद पुढं केला. "चुकलो बाई मी," एवढंच म्हणलं, अन् रडलो. पंचावन्न वर्षांचा माणूस मी, त्या पोट्टीसमोर, दीपासमोर, रडलो.

तिनं हात पुसले अन् कागद घेतला. दारात उजेडाले जाऊन वाचला, सावकाश, पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत. बोटं कापूस वेचून फाटली होती.

"बरोबर लिहिलं हाये सारं," ती म्हणली. "नाव बी, वॉर्ड बी." मग इचारलं, "माह्यं वय निघून गेलं, माहीत हाये ना भाऊ तुमाले?"

"माहीत हाये."

"त्या दिवशी तुमी उभे राह्यले तं मले वाटलं झालं." येवढंच बोलली. आवाज चढवला नाई, की रडली नाई. चहा गाळला, कप माह्या हातात देल्ला. अन् तो कागद नीट दोन घड्या करून माह्या सदऱ्याच्या खिशात ठेवला, जिथी मी बिल्ला लावत होतो तिथी.

"तुमच्यापाशीच असू द्या," ती म्हणली. "माह्या आता काही कामाचा नाई."

चहा पिऊन मी निघालो. तो कागद अजून माह्यापाशी हाये. लालीबाई म्हणते फाडून टाका. मले फाडवत नाई, अन् कोणाले दाखवावा तेही समजत नाई.